खांबाखालचा माणूस

सलग चौथ्या दिवशी भैय्याजींची जीप धक्का मारून चालू करावी लागली. पहिल्या दिवशी शेजाऱ्यांनी विचारपूस केली होती, दुसऱ्या दिवशी सल्ले दिले होते, तिसऱ्या दिवशी पोटभर हसून घेतलं होतं. चौथ्या दिवशी मात्र चौघं जण न बोलावता आले, चपला बाजूला काढल्या आणि मागच्या फळीला खांदा लावून उभे राहिले. पवनारच्या त्या गल्लीत हे आता दात घासण्याइतकं रोजचं झालं होतं.

जीपमध्ये मागे वांग्यांची पोती, मेथी आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, ओल्या जुड्या. पुढे स्टिअरिंगवर भैय्याजी, आणि शेजारच्या सीटवर मांडीवर तराजू घेऊन मंदाबाई. त्या काही उतरायच्या नाहीत.

"आई, तू तरी खाली उतर ना!" मागून त्यांचा मुलगा ज्ञानेश्वर ओरडला. हा शाळेत मास्तर. धक्का मारून मारून त्याच्या शाळेच्या शर्टाची इस्त्री चार दिवसांत चार वेळा गेली होती.

"मी काऊन उतरू? मी का खराब झाली हाव?" मंदाबाई म्हणाल्या.

जीप उतारावर आली, दोनदा खोकली आणि धडधडायला लागली. भैय्याजींनी लगेच डॅशबोर्डावरचा भरतकामाचा रुमाल उचलला, त्याखालच्या स्टिरिओचं बटण फिरवलं, आणि भजनाच्या तालावर वरात वर्ध्याच्या रस्त्याला लागली. जाता जाता ते म्हणाले, "बॅटरी थंडी धरून राह्यली, दुसरं काही नाई."

दारात उभी असलेली उज्वला हे ऐकत होती. बॅटरीला थंडीबिंडी काही झालेली नाही, हे त्या अख्ख्या गल्लीत फक्त तिला माहीत होतं. काय झालंय, कुठे झालंय आणि किती मिनिटांत नीट होईल, तेही माहीत होतं. आणि तेच नेमकं बोलायची सोय नव्हती.

उज्वला ही ज्ञानेश्वरची बायको. लग्नाला अकरा महिने झालेले. माहेर सिंदी रेल्वेचं. तिथे बाजाराच्या रस्त्यावर तिच्या वडिलांचं गाड्यांच्या सजावटीचं दुकान आहे: सीटची कव्हरं, हॉर्न, दिवे, स्टिरिओ. दहावीच्या सुट्टीत ती गल्ल्यावर बसायला म्हणून गेली आणि आठवड्याभरात गाड्यांच्या डॅशबोर्डाखाली घुसली. पुढे आयटीआय केलं, पण खरं शिक्षण ते दुकानातलंच. "वायरिंग पोरीकडं द्या," असं गिऱ्हाईक स्वतःहून सांगायचं. लग्न ठरलं तेव्हा सासरे लाइनमन होते हे ऐकून ती मनातून खूष झाली होती. निदान एक माणूस तरी आपली भाषा बोलणारा मिळणार!

मिळाला, पण भलताच मिळाला. भैय्याजींनी चौतीस वर्षं खांबांवर काढली होती. आता निवृत्त होऊन भाजीची शेती पाहत होते. माणूस लाख मोलाचा. तिने एकदा सहज गोरसपाक बिस्किटं आवडतात म्हटलं, तर तेव्हापासून दर शनिवारी वर्ध्याहून पुडा यायचा आणि तो गुपचूप तिच्या ताटाशेजारी ठेवला जायचा. पण घरात एक कायदा होता आणि तो भैय्याजींनीच केलेला होता. वायरला हात लावायचा तो फक्त त्यांनी. साधा बल्ब गेला तरी ते घरी येईपर्यंत थांबायचं. मंदाबाईंनी एकदा ऐन पाहुण्यांत मेणबत्ती लावून तीस पोळ्या केल्या होत्या, पण स्टुलावर चढल्या नव्हत्या. उज्वलाने आल्या आल्या मिक्सरचा सैल झालेला प्लग पेचकस घेऊन उघडला, तर भैय्याजींनी तो तिच्या हातातून अलगद काढून घेतला. "या घरात हे काम माह्यं," एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं.

तर हा स्टिरिओ. जीप भैय्याजींची जुनी लाडकी. लिलावात घेतलेली फोर-बाय-फोर, दोन दोन गियरच्या दांड्यांची. धाम नदीकाठच्या त्यांच्या वावराची चिखलवाट ट्रॅक्टरनंतर तीच काय ती पार करते. तिच्यात संगीत म्हणून आजवर फक्त पत्र्याचं होतं. दसऱ्याला गाडीची पूजा झाल्यावर ज्ञानेश्वरने खोकं पुढे केलं: नवाकोरा स्टिरिओ आणि दोन स्पीकर. "बाबा, उज्वला अर्ध्या घंट्यात बसवून देईन," असं तो म्हणाला, आणि तिथेच गाडं फसलं.

"चौतीस वर्ष या तालुक्याले उजेड देल्ला म्या," भैय्याजी म्हणाले. "हे एवढंसं डबडं मले जोडता नाई येनार?"

मग अख्खा रविवार जोडणी चालली. संध्याकाळी त्यांनी ज्ञानेश्वरला जवळ बोलावून समजावून दिलं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून उज्वलाने ते ऐकलं. "हे पाह्य. लाल, पिवळी, निळी. झाले ना थ्री फेज? आन् काळी म्हनजे न्यूट्रल. जगात कुठंबी जाय, रंग बदलत नाई. आता जीपमंदी फेज एकच, म्हनून तिघीले एकत्र बांधलं आन् देल्लं बॅटरीले. न्यूट्रल मात्र म्या पत्र्याले नाई लावला, पार बॅटरीपर्यंत नेला. अर्थिंगले न्यूट्रल समजू नये."

उज्वलाची तव्यावरची पोळी करपली. मोटारपंपाला आणि खांबाला हे रंग बरोबर होते. पण स्टिरिओच्या गावचे कायदे वेगळे. तिथे पिवळी थेट बॅटरीला, लाल चावीतून येणारी, म्हणजे चावी काढली की स्टिरिओ झोपला पाहिजे. आणि निळी तर बाहेरच्या अँटेनासाठी, तिच्यातून वीज बाहेर जाते, आत घ्यायची नसते. मामाजींनी (ती सासऱ्यांना तसंच म्हणायची) लालला पिवळीशी बांधल्यामुळे चावी काढली तरी स्टिरिओ टक्क जागा राहणार होता. ते आवाज शून्यावर आणायचे आणि समजायचे, बंद झाला. त्यावर मंदाबाई धूळ बसू नये म्हणून टीव्हीवर घालतात तसा रुमाल घालायच्या, त्यामुळे आतला दिवा कोणाला दिसायचा नाही. रात्रभर रुमालाखाली ते यंत्र बॅटरी पीत बसायचं आणि सकाळी गल्ली जीप ढकलायची.

चौथ्या दिवशी रात्री उज्वलाने ज्ञानेश्वरला सांगितलं. तो म्हणाला, "खरं हाय तुझं. पन सांगनार कोन? चौतीस वर्ष खांबावर चढलेल्या मानसाले वायर चुकली म्हनून? तू सांग."

"मी कशी सांगू? मला तर ते बल्बला हात लावू देत नाहीत."

तिला खरी बोच होती ती या स्टिरिओची नव्हे. वर्ध्यात नागपूर रोडवर पियुष म्हणून एकाचं मोठं वर्कशॉप आहे. त्याने तिचं काम सिंदीत पाहिलेलं होतं. इलेक्ट्रिशियनची जागा होती. सोमवारी सकाळी येऊन सांगा, जमत असेल तर त्याच दिवशी कामाला लागा, असा निरोप आला होता. ज्ञानेश्वरची ना नव्हती, मंदाबाई तर "जाय ना, घरी बसून काय करतं?" म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. राहिले भैय्याजी. त्यांनी अडवलं नसतं कदाचित. पण उज्वलाला नुसती परवानगी नको होती. तुला हे काम येतं, असं त्या एका माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. बाकीच्यांनी म्हटलं काय आणि न म्हटलं काय, त्यांना वायरमधलं काय कळतंय! आणि जो माणूस आपल्याला प्लग उघडू देत नाही, त्याच्या मनात आपण बाईमाणूस म्हणूनच असणार, अशी तिने खूणगाठ बांधून टाकली होती.

शुक्रवारी दुपारी भैय्याजी जेवून वावरात गेले. जीप अंगणात उभी होती. मंदाबाई आतल्या खोलीत लवंडल्या होत्या. उज्वलाला वाटलं, दोन मिनिटांचं काम. लाल सोडवायची, निळी सोडवून तोंडाला टेप गुंडाळायची. आज निदान बॅटरी तरी वाचेल, पुढचं पुढे. स्टिरिओ बंद पडला तर डबडंच खराब निघालं म्हणतील आणि मामाजींचा मानही राहील. तिने पलंगाखालून माहेरचा पत्र्याचा डबा ओढला, बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि डॅशबोर्डाखाली डोकं घातलं.

घाईत तिने एक केलं नाही. बॅटरीचा बोल्ट काढला नाही. दुकानात दोन मिनिटांच्या कामाला कोणी तो काढत नसे. तिने पकड लालवर दाबली, तिचं दुसरं टोक लोखंडी पट्टीला टेकलं, आणि चट्ट करून निळसर ठिणगी उडाली. बारीकसा धूर आला आणि स्टिरिओचा फ्यूज गेला. तिला काहीच झालं नाही. बारा व्होल्टमध्ये होतं काय माणसाला?

पण फाटकात भैय्याजी उभे होते. पाण्याची बाटली विसरली म्हणून परत आलेले.

"बाहेर ये!"

अकरा महिन्यांत त्यांचा चढलेला आवाज तिने ऐकला नव्हता. ती बाहेर आली. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "लाइन बंद न करता हात घातला? कोनाले इचारलं? कोन होतं खाली?" त्यांनी तिचे दोन्ही हात धरून उलटेसुलटे करून पाहिले, सोडून दिले आणि बाटली न घेताच निघून गेले.

संध्याकाळी ते जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. उज्वला चुलीपाशी बसून रडली. चूक तिची होती, आणि तीही अशी की शिकाऊ माणसानेसुद्धा करू नये. सोमवारचं आता विसरायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. "कोन होतं खाली?" हा प्रश्न मात्र तिला कळला नाही. जीपच्या खाली कोण असणार?

शनिवारी हिरालालकाका आले. ते दर शनिवारी दुपारी जेवायलाच येत. भैय्याजींबरोबर वीस वर्षं लाइनवर काम केलेला माणूस. उंच, बडबड्या, आणि डाव्या हाताला करंगळी अन् तिच्या शेजारचं बोट नसलेला. ड्युटीवर गेली, इतकंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी आल्या आल्या नाकाने वास घेतला.

"वांग्याची भाजी तं झाली. पन या घराले काय झालं? कोनी मेलं का बे, भैय्या?"

मंदाबाईंनी कालचं सगळं सांगून टाकलं. उज्वला खाली मान घालून वाढत होती. हिरालालकाका घास थांबवून ऐकत राहिले. मग त्यांनी आपला डावा हात तिच्यापुढे धरला.

"हे कसं झालं, सांगतलं का यानं तुले?"

"हिरालाल," भैय्याजी म्हणाले, "जेव गुमान."

"एकोनीस वर्ष जेवूनच राह्यलो. आज सांगतो." ते उज्वलाकडे वळले. "आमच्या कामात एक चढते आन् एक खाली राह्यते. खालच्यानं सप्लाय बंद करायचा, फ्यूज काढायचे आन् आपल्यापाशी ठेवायचे. वरचा सोता खाली येऊन मांगन, तवाच लावायचे. त्या दिवशी भुरभुर पानी होतं. एका खांबावर मी, दुसऱ्यावर ठेक्याचा मानूस. दोघाचेबी रेनकोट सारखे. तो उतरला, हात हलवला. खाली हा होता. याले वाटलं, मीच उतरलो. यानं फ्यूज लावले."

मंदाबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. त्यांनाही हे आजच कळत होतं.

"बोटं गेली, जीव वाचला. म्या त्याच आठवड्यात दवाखान्यात याले सांगतलं, लेका, शनिवारी शनिवारी जेवू घाल, आपला हिसाब फिटला. मी विसरलो. हाच विसरला नाई."

भैय्याजी ताटाकडे पाहत होते. "त्या दिवसापासून," ते हळू म्हणाले, "मी खाली उभा नाई राह्यलो. रिटायर होईपर्यंत. दरवेळी मीच चढलो. फ्यूज माह्या खिशात घेऊन चढलो." थोडं थांबून ते म्हणाले, "घरातबी तेच. कोनी वायरले हात लावला का मले वाटते, खाली मी हाव."

अकरा महिने उज्वला समजत होती की या माणसाला आपल्या हाताचा भरवसा नाही. त्याला भरवसा नव्हता तो स्वतःच्या हाताचा. तिला त्यांची फार माया आली. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"मामाजी," ती म्हणाली, "थ्री फेज चुकलं तुमचं."

"कोन म्हनते?"

"मी म्हणते. पंपाचे रंग इथे चालत नाहीत." आणि तिने त्यांच्याच ताटात मांडून दाखवलं. ही मिरची लाल, चावीतून येणारी. हे लिंबू पिवळं, थेट बॅटरीचं. निळ्याला काही मिळेना म्हणून तिने साडीचा निळा पदर धरला. रुमालाखाली रात्रभर काय चालतं तेही सांगितलं. भैय्याजी कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. कुठे खोट काढता येते का, हे पाहत होते. निघेना. मग ते मंदाबाईंकडे वळले. "तू कायले झाकत होती त्याले?"

हिरालालकाकांना हसता हसता ठसका लागला. "जीपले थ्री फेज! आन् गल्ली ढकलून राह्यली!"

"पण काळी तुम्ही बॅटरीपर्यंत नेलीत ना," उज्वला म्हणाली, "ते आमच्या दुकानातसुद्धा कोणी करत नाही. जुन्या गाडीचा पत्रा गंजलेला असतो, लोक तिथेच खिळा ठोकून देतात अन् मग खरखर होते. तुमच्या स्टिरिओला जराही खरखर नाही. ती काळी मी हलवणार नाही."

भैय्याजींनी वर पाहिलं. "हलवनार नाई म्हनजे?"

"म्हणजे बाकीचं मी करते. मी वर चढते, मामाजी. तुम्ही खाली उभे राहा."

"नाई," ते म्हणाले. लगेच म्हणाले. हिरालालकाकांनी आपल्या तीन बोटांनी त्यांच्या ताटात भाकरीचा तुकडा ठेवला, आणि भैय्याजींनी काल दुपारनंतरचा पहिला घास खाल्ला.

तीन वाजता काम सुरू झालं. आधी उज्वलाने टेस्ट लॅम्प घेऊन चावीमागच्या वायरी तपासल्या. चावी लावली की दिवा पेटवणारी आणि काढली की विझवणारी वायर तिला हवी होती. तिसऱ्या प्रयत्नाला ती सापडली. भैय्याजी मागून पाहत होते. "घाई नाई करत," ते पुटपुटले. हे चांगलं की वाईट ते तिला कळलं नाही, पण हिरालालकाकांनी डोळा मारला.

मग भैय्याजी पुढे झाले. बॅटरीचा बोल्ट काढला, टर्मिनल बाजूला केलं, त्यावर फडकं गुंडाळलं. उज्वलाने डब्यातून नवा फ्यूज दिला, तो त्यांनी उजव्या मुठीत घेतला. घरात जाऊन एक पत्र्याची लाल पाटी आणली. 'सावधान, माणूस काम करत आहे.' रंग उडालेला, कोपरा दुमडलेला. ती स्टिअरिंगला अडकवली आणि जीपपासून चार पावलांवर जाऊन उभे राहिले.

उज्वलाने बांगड्या काढून डब्यात ठेवल्या आणि आत शिरली. बांधलेल्या वायरी सोडवायलाच वेळ लागला. भैय्याजींची गाठ खांबावरची होती, वादळात टिकणारी. लाल सोडवली, चावीकडे नेली. निळीचं तोंड टेपने बंद केलं. पिवळी एकटी राहिली. तिला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

मंदाबाई चहा घेऊन आल्या. "अजी, घ्या. मूठ उघडा तं कप धरता येईन."

"डाव्या हातात दे."

थोड्या वेळाने ज्ञानेश्वर आला. "बाबा, झालं असन आता. आना, मी लावतो, मले गानं ऐकायचं हाय."

"तू लावशील?"

"एवढ्याशा फ्यूजले काय..."

"सरक तिकडं."

मग हिरालालकाका. ते मुद्दाम करत होते, हे उज्वलाला आवाजावरूनच कळलं. "भैय्या, पोरगी म्हनून राह्यली का झालं. दे फ्यूज."

"ती म्हनत असन तं येईन."

"माह्यावर भरोसा नाई?"

"नाई," भैय्याजी म्हणाले. "मांगनारा तोच पायजे."

हिरालालकाका यावर हसले नाहीत. नाक शिंकरल्याचा आवाज आला फक्त.

शेवटची टेप गुंडाळून उज्वला बाहेर आली. केसांत जळमटं, गालावर काळं. ती सरळ भैय्याजींपुढे जाऊन उभी राहिली आणि हात पसरला. त्यांनी मूठ उघडली नाही. ताठ उभे राहिले, ड्युटीवर राहत असतील तसे.

"कोन काम करत होतं?"

उज्वलाला कळलं, हे विचारायचंच असतं. "उज्वला ज्ञानेश्वर झाडे."

"सोबत कोनी?"

"कोणी नाही. एकटी."

"हत्यारं?"

"पकड, पेचकस, टेस्ट लॅम्प, टेप. सगळं डब्यात."

"लाइन क्लिअर?"

"क्लिअर, मामाजी."

भैय्याजींनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहून घेतलं. ही तीच, याची खात्री करत असावेत. मग मूठ उघडली. फ्यूज घामाने ओला झाला होता आणि तळहातावर त्याची लाल खूण उमटली होती. तो तिच्या हातावर ठेवताना त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

फ्यूज बसवला, टर्मिनल लावलं. चावी फिरवली, भजन सुरू झालं. चावी काढली, स्टिरिओचा दिवा विझला. भैय्याजींनी लहान पोरासारखं ते सात-आठ वेळा करून पाहिलं. मग रुमाल उचलून मंदाबाईंच्या हातात दिला. "घे. टीव्हीवर घाल."

चहाचे कप उचलताना ते उज्वलाला म्हणाले, "सोमवारी तुले वर्ध्याले जायचं हाय ना? ज्ञानेश्वर सांगत होता."

"तुम्ही म्हणाल तर."

"काम येते तुले," भैय्याजी म्हणाले. इतकं साधं म्हणाले की तिला ते पुन्हा एकदा ऐकावंसं वाटलं. "पन तिथं खाली कोन उभं राह्यते?"

"तिथे... कोणीच नाही, मामाजी. जो तो आपलं काम करतो."

भैय्याजींनी कप खाली ठेवले आणि स्टिअरिंगवरची लाल पाटी काढून पुसली.

सोमवारी जीप एका चावीत चालू झाली. फळीला खांदा लावायला आलेले चौघं जण थोडे हिरमुसून परत गेले. वर्ध्यात भैय्याजींनी मंदाबाईंना भाजीसकट बाजारात उतरवलं आणि उज्वलाला घेऊन वर्कशॉपवर गेले. पियुषने तिला पहिलीच गाडी दाखवली, मागचे दिवे न लागणारी. उज्वलाने बॅटरी सोडवली, फ्यूज काढला, ठेवायला जागा पाहायला लागली, तर शेजारून एक हात पुढे आला. दुसऱ्या हातात लाल पाटी होती.

"बाजाराचं काय?" तिने विचारलं.

"तुही सासू पुरी पडते बाजाराले. चढ तू."

ती गाडीखाली गेली. पाऊण तास झाला असेल. बाहेरून पियुषचा आवाज आला, बुचकळ्यात पडलेला. "काका, द्या ना तो फ्यूज इकडं. गिऱ्हाईक थांबलं आहे."

"तुमाले नाई देत."

"अहो, वर्कशॉप माझं आहे!"

"असन. ती येईन, मांगन, मंग देईन."

उज्वला गाडीखाली पडल्या पडल्या हसली. मग तिने शेवटचा जोड पुन्हा एकदा नीट ओढून पाहिला, टेपचा आणखी एक वेढा दिला, आणि अजिबात घाई केली नाही.